दाढेतलं पांढरं सिमेंट कडेनं सुटू नये म्हणून

चांदी भरलेली दाढ आणि पांढरं सिमेंट भरलेली दाढ यांचं म्हातारपण वेगवेगळं असतं. चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नाही. खड्डा आतून रुंद कोरलेला असतो, त्यात ती अडकून बसते. भरल्या दिवशी तिच्या आणि दाताच्या मध्ये बारीक फट असतेच. पुढच्या काही महिन्यांत त्या फटीत चांदीचाच गंज साचत जातो आणि फट बुजते. पांढरं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, बाँड नावाचा पातळ चिकट द्रव लावून चिकटवतात. त्याचा जोड पहिल्या दिवशी सगळ्यात घट्ट असतो. नंतर तो आपोआप सुधारत नाही. तो किती हळू सैल होईल, एवढंच काय ते आपण ठरवू शकतो, आणि त्यातलं बरंचसं त्या एका बैठकीतच ठरून जातं.

मी कराडला दवाखाना चालवते. खुर्चीतला माणूस विचारतो ते रंगाचं. "मॅडम, भरलेलं दिसणार नाही ना?" कडेचं कुणी विचारत नाही. वास्तविक सिमेंट मधून क्वचित खराब होतं, ते कडेनं खराब होतं. त्यात चांदी, तिच्यात पारा असल्यामुळे, आता मागे पडत चालली आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार 2013 साली झाला, भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला, आणि युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून थोडे अपवाद सोडून अमाल्गम बंदच आहे. तुमच्या मुलाबाळांच्या दाढांत पांढरंच भरलं जाणार. तेव्हा ते भरून कसं घ्यायचं, भरल्यावर कसं राखायचं आणि कडेला रेघ दिसली तर काय करायचं, हे सांगते.

जोड कुठे धरतो आणि कुठे सोडतो

एवढं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबते.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनानं बघितलं तर त्यात 96 टक्क्यांच्या आसपास खनिज असतं, पाणी अगदी थोडं. 1955 साली अमेरिकेत रोचेस्टरला मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर 85 टक्के फॉस्फोरिक ॲसिड अर्धा मिनिट लावून धुतलं आणि त्यावर ॲक्रिलिक चिकटवलं. ते नेहमीपेक्षा कितीतरी घट्ट बसलं. कारखान्यात धातूला रंग देण्याआधी असलंच ॲसिड लावतात, त्यावरून त्यांना हे सुचलं होतं. आज आम्ही 37 टक्क्यांच्या आसपासचं ॲसिड वापरतो, निळ्या जेलच्या रूपात. ॲसिडनं इनॅमलला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, पातळ बाँड त्यात शिरतो आणि लाइटनं तिथेच कडक होतो. इनॅमलवरचा हा जोड वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार डेंटिनबद्दल आहे. इनॅमलच्या आतला हा पिवळसर थर. यात खनिज वजनानं 70 टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन या प्रथिनाचे धागे आणि पाणी. शिवाय त्यात नसेपासून बाहेर येणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, नसेजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये चाळीस हजारांच्या वर. त्या नळ्यांतून पाणी सतत बाहेर झिरपत असतं. म्हणजे ज्या भिंतीला आतून ओल येते तिच्यावर आपल्याला रंग चढवायचा आहे.

डेंटिनवर ॲसिड लावलं की वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज निघून जातं आणि कोलॅजनचं जाळं पाण्यात तरंगत उरतं. त्या जाळ्यात बाँड तळापर्यंत मुरला पाहिजे. तो मुरून तयार होणाऱ्या मिश्र थराचं वर्णन जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 साली केलं, आणि दाताला सिमेंट चिकटवण्याचं आजचं शास्त्र त्यावर उभं आहे. आता अडचण बघा. हवेचा फवारा जास्त मारला तर जाळं आडवं पडतं आणि बाँडला आत शिरायला वाट राहत नाही. पाणी जास्त राहिलं तर बाँड पातळ होतो, नीट कडक होत नाही. दोन्हीच्या मधली जी स्थिती आहे, पृष्ठभाग किंचित चमकतोय पण पाणी साचलेलं नाही, ती काही सेकंदच मिळते. डॉक्टरचा हात दिसतो तो इथे.

हात कितीही चांगला असला तरी थोडं जाळं तळाशी उघडं राहतंच. डेंटिनमध्ये आपल्या शरीराचीच काही एन्झाइम्स निद्रिस्त असतात, मेटॅलोप्रोटिनेज नावाची. ॲसिडनं ती जागी होतात आणि उघडं कोलॅजन कुरतडायला लागतात. दुसऱ्या बाजूनं पाणी बाँडलाच फोडत असतं, कारण डेंटिनच्या ओलीशी जमावं म्हणून बाँडमध्ये पाणी ओढून घेणारी रसायनं घातलेली असतात. लाळेतली एन्झाइम्स आणि किडीचे जंतू यांचाही त्यात हातभार लागतो. प्रयोगशाळेत डेंटिनला चिकटवलेले नमुने सहा महिने ते वर्षभर पाण्यात ठेवले की जोडाची ताकद लक्षात येण्याइतकी उतरते. मात्र ज्या नमुन्यांच्या चारी बाजूंना इनॅमलची कड शाबूत असते, त्यांचा आतला डेंटिनचा जोड त्या मानानं खूप सुरक्षित राहतो. ती कड पाण्याला आत जाऊ देत नाही.

यातून रुग्णाच्या कामाची गोष्ट अशी निघते: खड्डा लहान असताना, सगळीकडून इनॅमल शिल्लक असताना भरलेलं सिमेंट टिकतं. तोच खड्डा दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या खाली उतरला की तळाशी इनॅमल उरत नाही, आणि तिथूनच ते गळायला लागतं. "दुखत नाही मग कशाला भरायचं" असं म्हणून वर्ष घालवलं तर ही इनॅमलची कड जाते.

दवाखान्यात जाण्याआधी

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्या, आणि सिमेंट आठ-पंधरा दिवसांनी भरा. ॲसिड लावून तयार केलेल्या पृष्ठभागावर रक्ताचा एक थेंब आला तरी ती जागा परत तयार करावी लागते. गळ्याशी, म्हणजे हिरडीला लागून, झिजलेल्या दातांत तर हे हमखास होतं. आमच्या कराड-पाटण भागात मिश्री लावणाऱ्या बायका अजून बऱ्याच आहेत. वर्षानुवर्षं बोटानं एकाच जागी घासून दाताच्या गळ्याशी खाच पडते, शिवाय ती मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचा तोंडाला असलेला धोका वेगळा सांगायला नको. त्या खाचेतलं डेंटिन काचेसारखं गुळगुळीत आणि कडक झालेलं असतं, नळ्या खनिजानं बुजलेल्या असतात, आणि बाँडला धरायला काही सापडत नाही. वरचा थर बर, म्हणजे ड्रिलचं टोक, मारून खरवडावा लागतो. आणि मिश्री चालूच राहिली तर तिथलं सिमेंट सुटणार, मग भरणारी मी असो की मुंबईचा कुणी मोठा डॉक्टर.

लवंगेचं तेल. दाढ ठणकायला लागली की कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून दाबून धरायचा, हे घरोघरी चालतं, आणि त्यानं थोडा आराम पडतोही. पण त्यातलं युजेनॉल बाँड आणि कॉम्पोझिट कडक होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतं. चार दिवस बोळा ठेवला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. खड्डा नीट साफ करून ॲसिडनं धुतला की बहुतेक अडचण निघून जाते, पण माहीत असायला हवं. आधीच्या डॉक्टरांनी तात्पुरतं सिमेंट भरलं असेल आणि त्याला लवंगेचा वास येत असेल तर तेही याच जातीचं.

लग्नाआधी दात पांढरे करून घेण्याची आता टूम आहे. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि तोही बाँडला नीट कडक होऊ देत नाही. ब्लीचिंग आणि सिमेंट यांत निदान दोन आठवडे जाऊ द्या. शिवाय सिमेंटचा रंग ब्लीचनं उजळत नाही, तेव्हा ब्लीचिंग आधी आणि सिमेंट नंतर, असाच क्रम ठेवा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडची मंडळी नोकरीनिमित्त इकडे येतात, त्यांच्यातल्या काहींच्या दातांवर लहानपणापासूनचे तपकिरी पट्टे असतात. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे आलेले. असं इनॅमल ॲसिडला सहज दाद देत नाही. त्यावर ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर आधी थोडा काढावा लागतो. लहानपण कुठल्या गावात, कुठलं पाणी पिऊन गेलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

खुर्चीत बसल्यावर

वेळेचं आधी बोलून घ्या. दाढेतला मध्यम खड्डा, त्यात दोन दातांच्या फटीचा भाग असेल तर, नीट भरायला पाऊण तास ते तास लागतो. दहा मिनिटांत सिमेंट भरून झालं तर काहीतरी गाळलेलं आहे. रुग्ण घाई करतात हेही खरं आहे. एस.टी. पकडायची असते, दुकान उघडायचं असतं. घाई असेल त्या दिवशी तात्पुरतं भरून घ्या आणि मोकळ्या दिवशी परत या.

कोरडेपणा ही सगळ्यात मोठी बाब. तोंडातली हवा म्हणजे कायमचा आषाढ. उच्छ्वासाची वाफसुद्धा डेंटिनवर बसते. त्यासाठी रबर डॅम असतो: रबराचा एक पातळ पडदा, दाढेला चिमट्यासारखा क्लॅम्प, आणि त्या पडद्यातून फक्त कामाचे दात वर आलेले. पहिल्यांदा लावला की जीव गुदमरल्यासारखा वाटतो. नाकानं श्वास घ्या, पाच मिनिटांत सवय होते. सर्दीनं नाक बंद असेल तर मात्र तारीख पुढे ढकला. कापसाचे बोळे आणि सक्शन यांवरही चांगलं सिमेंट भरता येतं, विशेषतः वरच्या दातांत, मदतनीस सराईत असेल तर. पण खालच्या मागच्या दाढेत, जिभेच्या शेजारी, लाळेच्या तळ्यात बोळ्यांवर विसंबून राहणं मला पटत नाही. "मॅडम, रबर डॅम लावाल का?" एवढं विचारायला संकोच करू नका. चिडणारे डॉक्टर थोडेच भेटतील.

नंतर निळं जेल लागतं. इनॅमलवर 15 ते 30 सेकंद, डेंटिनवर 15 सेकंदांच्या वर नाही. मी हल्ली बहुतेक दाढांत जेल फक्त इनॅमलच्या कडेला लावते आणि आत डेंटिनवर स्वतःच सौम्य ॲसिडिक असलेला बाँड घासते. यात कडेला पक्का जोड मिळतो आणि आतलं डेंटिन गरजेपेक्षा जास्त उघडं पडत नाही. भरल्यानंतर थंड लागण्याचा त्रासही मला यात कमी दिसतो.

बाँड नुसता लावायचा नसतो, छोट्या ब्रशनं वीसएक सेकंद घासायचा असतो. मग हलकी हवा मारायची, त्यातलं अल्कोहोल किंवा ॲसिटोन आणि पाणी उडून जाईपर्यंत. त्याची खूण अशी की बाँडचा थर हवेनं आधी लाटांसारखा हलतो आणि मग हलायचा थांबतो. तो थांबायच्या आत लाइट मारला तर पाणी आत कोंडलं जातं, आणि वर सांगितलेली कुरतड तिथून सुरू होते. ही पायरी तुम्हाला खुर्चीतून दिसत नाही, म्हणूनच इथे लिहिते. बाँडच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवण्याबद्दल माझ्या मदतनीस पोरी माझी बोलणी खातात. मे महिन्यात ॲसिटोन उडून जायला वेळ लागत नाही आणि मग बाटलीत उरतं ते घट्ट, निकामी. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि "कोरडी" हवा म्हणून आपण दाढेवर फवाराच मारतो. टाकीचा नळ रोज सोडावा लागतो. एवढ्याशा गोष्टीवर सिमेंटचं आयुष्य अवलंबून असतं, हे महागड्या सेमिनारमध्ये कुणी सांगत नाही.

कॉम्पोझिट लाइटनं कडक होताना आकसतं, आकारमानानं साधारण 2 ते 3 टक्के. आकसताना ते भिंती स्वतःकडे ओढतं. जोड कच्चा असेल तर तो तिथेच, पहिल्या मिनिटाला सुटतो आणि बारीक फट राहते. म्हणून ते दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत, तिरपं, एका वेळी सगळ्या भिंतींना न चिकटवता भरतात. एकदम चार मिलिमीटर भरता येणारी बल्क-फिल सिमेंटं आली आहेत. चांगली आहेत, पण ती लाइटच्या भरवशावर आहेत. निळ्या लाइटचं टोक दाढेपासून जितकं लांब तितका उजेड झपाट्यानं कमी होतो, आणि फटीतल्या खड्ड्याचा तळ टोकापासून सहा-सात मिलिमीटर खाली असू शकतो. म्हणजे जिथे इनॅमल नाही, जिथे ओल जास्त, तिथेच उजेडही सगळ्यात कमी पोचतो. डॉक्टर किंवा मदतनीस नारिंगी चष्मा लावून लाइटचं टोक दाढेवर बघून धरत असतील तर समाधान माना. लाइट तोंडात सोडून दुसरीकडे बघत गप्पा चालल्या असतील तर नाही.

तळ हिरडीच्या खाली गेला असेल आणि ओल काही केल्या थांबत नसेल, तर मी कॉम्पोझिटचा हट्ट धरत नाही. तिथे तळाला ग्लास आयोनोमर घालते. ते दाताच्या कॅल्शियमला रासायनिक पद्धतीनं धरतं, थोडी ओल चालवून घेतं, फ्लोराइडही सोडतं. 1972 पासून माहीत असलेलं, झगमगाट नसलेलं सिमेंट. वरून चावण्याच्या भागात कॉम्पोझिट. दिसायला ही दाढ तितकी देखणी होत नाही, पण ती जागा माझ्यावर सोपवलीत तर मी हेच करीन.

बाटल्यांच्या पिढ्या

"मॅडम, आठवी पिढी वापरता का?" असं विचारणारे रुग्ण आता भेटतात. मोबाइलवर वाचलेलं असतं. बाँडच्या पिढ्या कंपन्यांच्या विक्रीच्या सोयीनं चढत गेल्या आहेत. आकडा वाढला म्हणजे जोड जास्त टिकाऊ झाला, असं नाही. तीन बाटल्यांची जुनी पद्धत होती: आधी ॲसिड, मग प्रायमर, म्हणजे डेंटिनला बाँडसाठी तयार करणारं द्रव, मग पाणी न ओढणारा घट्ट बाँड. वेळखाऊ, पण बेल्जियममध्ये लुव्हेन विद्यापीठातल्या मंडळींनी गळ्याशी झिजलेल्या दातांतली असली सिमेंटं 13 वर्षं पाठपुरावा करून तपासली तेव्हा बहुसंख्य जागेवर होती. दोन बाटल्यांच्या सौम्य सेल्फ-एच पद्धतीचंही, म्हणजे जिथे ॲसिड वेगळं लावावं लागत नाही तिचंही, तसंच. नंतर सगळं एकाच बाटलीत कोंबायची शर्यत लागली. एका बाटलीत ॲसिडही हवं, पाणीही हवं, बाँडही हवा. तो थर लाइटनं कडक झाल्यावरही पाणी पाझरू देतो, आणि सुरुवातीच्या एक-बाटली बाँडांचा दीर्घ अनुभव फारसा चांगला नव्हता.

आजचे युनिव्हर्सल बाँड त्यापेक्षा बरे आहेत. त्याचं मोठं कारण एमडीपी नावाचा रेणू, जपानी कुरारे कंपनीनं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेला. तो दातातल्या कॅल्शियमशी पाण्यात न विरघळणारं क्षार बनवतो, त्यामुळे तो जोड पाण्यापुढे टिकाव धरतो. डेंटिनवर ॲसिड लावल्यावर 2 टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक अर्धा ते एक मिनिट ठेवलं तर ती कुरतडणारी एन्झाइम्स आवरतात, हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांच्या तोंडात फरक किती पडतो ते तितकं ठळक नाही. मी ते खोल दाढेत वापरते. महाग नाही, नुकसान नाही.

रुग्णानं ब्रँड विचारून काही साधत नाही. माहितीतला जुना बाँड काटेकोर वापरणारा डॉक्टर आणि नवीन बाँड कागद न वाचता वापरणारा डॉक्टर, यांत मी पहिल्याकडे दाढ नेईन. खर्चाची अडचण असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायरचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ भरपूर जातो, खेपा घालाव्या लागतात. पण या कामात वेळ जाणं ही तक्रारीची गोष्ट नाही.

पहिले पंधरा दिवस

चांदी भरल्यावर दिवसभर त्या बाजूनं चावू नका म्हणतात, ते इथे लागू नाही. कॉम्पोझिट खुर्चीतच कडक झालेलं असतं. बधिरपणा उतरेपर्यंत मात्र काही चावू नका, गाल-ओठ चावला जातो. त्या रात्री भाकरीचा कडक पापुद्रा आणि ऊस दुसऱ्या बाजूला ठेवा.

थंड पाण्यानं शिवशिवणं पंधरा दिवसांपर्यंत चालेल, दिवसागणिक कमी होत गेलं पाहिजे. चावताना एकच ठिकाण उंच लागत असेल तर दुसऱ्याच दिवशी जा. पाच मिनिटांत घासून बरोबर होतं, आणि ते न करता महिना काढला तर दाढ दुखावते. उंच लागत नाही पण चावून दाब सोडताना कळ येते, ही निराळी खूण: बहुधा खाली जोड सुटलेला आहे, चावलं की नळ्यांतलं पाणी हलतं आणि नस ओरडते. तेही सांगा. रात्री आपणहून ठणका, गरमानं कळ, हे मात्र नसेचं दुखणं. त्यात सिमेंटचा दोष असेलच असं नाही. कीड मुळात खोल होती.

कडेची रेघ

दोन-चार वर्षांनी आरशात सिमेंटच्या कडेला तपकिरी रेघ दिसते आणि माणूस घाबरतो. रेघ म्हणजे कीड, असं धरून चालू नका. बऱ्याचदा सिमेंटचा पातळ पापुद्रा ॲसिड न लागलेल्या इनॅमलवर पसरलेला असतो. तो कडेनं उचलला जातो आणि त्याखाली चहा-तंबाखूचा रंग धरतो. पॉलिश केलं की जातो. डॉक्टरांनी टोकदार सुई त्या रेघेत रुतवली आणि ती अडकली, एवढ्यावरूनही कीड सिद्ध होत नाही. सुई फटीत अडकणारच.

मी खरी काळजी करते ती अशा वेळी: कडेच्या आतून इनॅमलखाली करडी-काळसर सावली दिसते; फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा, पूर्वी सरळ जायचा, आता तिथे अडकून तुटतो; पूर्वी अन्न अडकत नव्हतं, आता रोज मेथीचं पान तिथेच सापडतं; गूळ किंवा पेढा खाल्ला की नेमकी त्याच जागी बारीक कळ येते. यातलं एकही असेल तर बाइटविंग एक्स-रे, म्हणजे दातांच्या फटी दाखवणारा छोटा एक्स-रे, काढून घ्या.

एक्स-रेचीही एक गंमत आहे. काही बाँड एक्स-रेत दिसतच नाहीत, काळे येतात. खड्ड्याच्या कोपऱ्यात बाँड जरा साचला असेल तर तिथे काळी रेघ दिसते आणि नव्या डॉक्टरला ती कीड वाटते. जुना एक्स-रे शेजारी ठेवला की उत्तर मिळतं: रेघ होती तशीच असेल तर बाँड, पसरली असेल तर कीड. म्हणून भरल्यानंतर लगेचचा एक्स-रे आणि दाढेचा फोटो मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

आणि कीड परत लागते ती फक्त फटीमुळे नाही. दाढांतल्या कॉम्पोझिटचा अनुभव एकत्र केला तर वर्षाला साधारण 1 ते 3 टक्के सिमेंटं निकामी होतात. कारणं मुख्यतः दोन: परत लागलेली कीड आणि तुकडा पडणं. पण ज्या तोंडात दिवसातून सहा वेळा गोड चहा जातो, तिथे हे प्रमाण वाढतं. ज्या तोंडात जात नाही, तिथे किंचित सुटलेली कडसुद्धा वर्षानुवर्षं काही न होता राहते. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा, पाकिटावर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा बघून घ्या. घासून झाल्यावर थुंका, पण खळखळून चूळ भरून पेस्ट सगळी धुऊन टाकू नका. भरलेल्या फटीत रोज फ्लॉस. लाल दंतमंजनावर माझा राग आहे तो एवढ्यासाठी की बहुतेकांत फ्लोराइड नसतं आणि खरखरीतपणा असतो. सुपारी अख्खी फोडायची हौस असेल तर अडकित्ता वापरा. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीचं गार्ड करून घ्यावं, नाहीतर दाढ रात्रभर वाकत राहते आणि गळ्याशी जोड ताणला जातो.

काढून परत भरायचं की डागडुजी

कडेचा एक तुकडा पडला, किंवा एका कोपऱ्यात कीड दिसली, की "सगळं काढून नवीन भरू" असं सांगणारे अजून पुष्कळ आहेत. प्रत्येक वेळी पूर्ण काढताना दाढेचाही थोडा भाग जातो, कारण कॉम्पोझिट आणि दात यांचा रंग एकच. बर कुठे थांबवायचा ते कळत नाही. खड्डा मोठा होतो, इनॅमलची कड आणखी आत सरकते, आणि नवं सिमेंट जुन्यापेक्षा वाईट जागेवर बसतं. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर रूट कॅनाल आणि कॅप.

बाकीचं सिमेंट घट्ट असेल, एक्स-रेत खाली काही नसेल, तर खराब भाग तेवढा काढा, जुन्या सिमेंटचा पृष्ठभाग बर किंवा सँडब्लास्टनं खरवडा, इनॅमलला ॲसिड, मग सिलेन (जुन्या सिमेंटला नवं धरायला मदत करणारं द्रव) आणि बाँड, आणि तेवढीच जागा नव्यानं भरा. "डागडुजी होईल का?" हे स्पष्ट विचारा. पैसे कमी लागतात, वेळ कमी लागतो, दात वाचतो. पूर्ण काढायचं ते खालून कीड पसरली असेल, सिमेंट हलत असेल किंवा दाढेलाच तडा गेला असेल तेव्हा.

बदलीच्या नोकरीत असाल, दर तीन वर्षांनी नवं गाव आणि नवा डॉक्टर असेल, तर एका कागदावर लिहून ठेवा: कुठली दाढ, कधी भरली, तळाला ग्लास आयोनोमर आहे का, रबर डॅम लावला होता का, बाँड कुठला. भरणाऱ्या डॉक्टरकडून त्याच दिवशी लिहून घ्या, वर्षानं त्यांनाही आठवत नाही.